पटकीचा माग : जॉन स्नोचं पुस्तक वाचताना

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २००० साली आरोग्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी सुरू केली. ही पदवी घेतली म्हणजे मुलगा डॉक्टर होत नाही, परिचारक होत नाही की औषधनिर्माताही होत नाही. पेशींचा अभ्यास होतो, मनाचा होतो, समाजाचाही होतो. शिवाय ‘इन्क्वायरी’ नावाचा एक विषय असतो. त्यात विद्यार्थी आपापला प्रश्न शोधतात आणि तो नेईल तिकडे जातात. आपल्याकडच्या पालकांना हे पचणं अवघड आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी अशा स्वतंत्र विद्याशाखा आहेत आणि बारावीनंतर एकदा कुठल्या दारातून आत शिरायचं हे ठरलं की शेजारच्या वर्गात काय चाललंय याच्याशी आपला संबंध उरत नाही. अशा पदवीतून मूल नक्की शिकणार काय, असं कोणी विचारलं तर मी त्यांच्या हातात एक जुनं पुस्तक देईन. जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरने पटकीच्या प्रसाराबद्दल लिहिलेल्या पुस्तकाची १८५५ची दुसरी आवृत्ती. स्नोने ते पदरचे दोनशेहून अधिक पौंड घालून छापलं आणि त्याच्या प्रती खपल्या छप्पन.

मराठी वाचक पहिल्या काही पानांतच थबकतो. पटकीचा पूर्वेतिहास सांगताना स्नो १८१४ सालच्या एका लष्करी कूचाचा उल्लेख करतो. देशी पायदळाची एक पलटण जालन्याहून त्रिचनापल्लीकडे निघाली होती. तिच्यात पटकी पसरली. बरोबर चालणारी दुसरी पलटण मात्र सुखरूप राहिली. रस्ता तोच, ऊन तेच, हवा तीच. फरक होता तो एकाच गोष्टीत. पुढचं सगळं पुस्तक या चार ओळींत बीजरूपाने आहे. दोन सारखे समूह शेजारीशेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातली एकच वेगळी गोष्ट हुडकायची. लंडनमध्ये स्नोने जे केलं त्याचं रूप मराठवाड्यातून निघालेल्या एका कूचाच्या नोंदीत त्याला आधीच दिसलं होतं.

त्या काळी बहुतेक डॉक्टर पटकीचं खापर दूषित हवेवर फोडत. स्नोचा युक्तिवाद शरीरापासून सुरू होतो. रोगाची सुरुवात ताप येऊन होत नाही, पोटापासून होते. रक्त दाट होतं ते आतड्यांतून पाणी निघून गेल्यामुळे. रोग आतड्यांत सुरू होत असेल, तर त्याचं कारण तोंडावाटेच आत गेलं असलं पाहिजे. एवढ्या एका विधानावर त्याने शरीरशास्त्राचं बोट सोडलं आणि तो गल्लीबोळांत शिरला. इथे हेही लक्षात ठेवावं की स्नो भूल देणारा डॉक्टर होता. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यानेच दिला. वायू शरीरात कसा जातो, किती मात्रेने काय करतो, हे त्याच्या रोजच्या कामातलं ज्ञान होतं. हवेचा सिद्धांत नाकारणारा माणूस हवेबद्दल इतरांपेक्षा जास्त जाणत होता, आणि मला त्याच्या लेखनातला ठामपणा तिथूनच येतो असं वाटतं.

ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट १८५४च्या अखेरीस सोहोमधल्या त्या रस्त्याच्या परिसरात साथ उसळली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं गेली. स्नोचा नकाशाही पुष्कळदा छापला जातो: प्रत्येक मृत्यूसाठी एक काळी रेघ, घरापुढे एकावर एक रचलेली. मला मात्र नकाशाहून त्याभोवतीचा मजकूर जास्त वाचनीय वाटतो, कारण स्नोचं मन अपवादांत रमतं. पोलंड स्ट्रीटवरच्या गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) ५३५ माणसं राहत होती. आजूबाजूची घरं ओस पडत असताना तिथे पटकीने फक्त पाच दगावली. गरीबगृहाला स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते. त्यांना कारखान्याकडून बिअर मिळायची आणि मालकाच्या मते ते पाणी पीतच नसत. त्यांच्यातलं कोणी गेलं नाही. आणि मग उलट दिशेचा अपवाद येतो. दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई पटकीने वारली. त्या भागात साथीचा मागमूस नव्हता. बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची, तिला तिथल्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीतून तिच्यासाठी त्या पंपाच्या पाण्याची एक मोठी बाटली जायची. तिच्याकडे आलेली भाची ते पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली आणि तिथे तीही गेली. ही हकीगत स्नो इतक्या कमी शब्दांत सांगतो की वाचताना छाती भरून येते. जवळचे जगले, लांबची मेली, आणि दोन्हींचं उत्तर एकाच पंपापाशी येऊन मिळालं. अंतरही तो पायी जायच्या वाटेने मोजतो. दुसरा पंप जिथून जवळ पडू लागतो तिथे मृत्यू कमी होतात किंवा थांबतात, असं त्याचं निरीक्षण आहे. माणूस पाणी कुठून आणतो हे पायवाट ठरवते, नकाशावरची सरळ रेषा नव्हे, हे त्याला कळलं होतं.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. लोकप्रिय कथा इथे विजयात संपते. स्नो तसं लिहीत नाही. लोक भीतीने आधीच घरं सोडून गेले होते, साथ ओसरू लागली होती, तेव्हा दांडा काढण्याचा नेमका किती परिणाम झाला हे सांगता येत नाही, असं तो सरळ नोंदवतो. पुस्तकातला हा परिच्छेद मला सगळ्यात प्रिय आहे.

पण पुस्तकाचा गाभा आहे दक्षिण लंडन. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून, शेजारशेजारच्या घरांत गेले होते. लँबेथ कंपनीने १८५२ साली आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण थेम्सच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला हलवलं. सदर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहराची घाण मिसळलेलं पाणी बॅटर्सीहून उचलत राहिली. तीन लाख माणसं, गरीब-श्रीमंत, लहानथोर, कोणी न ठरवता दोन गटांत वाटली गेली होती. अडचण अशी की कित्येक भाडेकरूंना आपल्याकडे कुठल्या कंपनीचं पाणी येतं हेच माहीत नव्हतं. पट्टी घरमालक भरायचा. तेव्हा स्नो बाटलीत थोडं पाणी घ्यायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा. थेम्स डिटनच्या पाण्यात गॅलनमागे एक ग्रेनही मीठ नव्हतं; दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात ३७.९ ग्रेन. दारोदार फिरताना लागलेली सामाजिक अडचण रसायनशास्त्राने अशी सोडवली.

मग आकडे येतात. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दहा हजार घरांमागे ३१५. लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८, म्हणजे दहा हजारांमागे ३७. या तक्त्यापर्यंत पोचायला वाचकाला गावोगावच्या साथींची बरीच पानं ओलांडावी लागतात, आणि ती जड आहेत. पण तक्ता आला की ती पानं वसूल होतात. मृत्यूंच्या नोंदी मिळाल्या त्या विल्यम फार यांच्या सरकारी कचेरीतून. पटकीचा संबंध वस्तीच्या उंचीशी आणि तिथल्या हवेशी आहे असं फार स्वतः मानत होते. तरीही त्यांनी स्नोला आकडे दिले आणि निबंधकांना मृताच्या घरी पाणी कोणत्या कंपनीचं येतं हे नोंदवायला सांगितलं. आपलं मत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या प्रश्नाला साधनं पुरवणं ही विद्वत्तेतली फार मोठी गोष्ट आहे.

एका माणसाकडे इतके विषय कसे आले? ते कुठल्या वेळापत्रकावर मांडलेले नव्हते. प्रश्नाला नकाशा लागला तेव्हा भूगोल आला, मीठ मोजावं लागलं तेव्हा रसायन आलं, गट तुलनेला घ्यावे लागले तेव्हा संख्याशास्त्र आलं. अनेक विषय एकत्र बांधलेल्या पदवीचं खरं समर्थन मला यात दिसतं. विषयांची संख्या वाढवून काही साधत नाही. एक प्रश्न इतका घट्ट धरावा लागतो की तो आपल्याला परक्या वर्गात नेऊन बसवेल. रोगाचा जंतू स्नोला कधी दिसला नाही. १८५८ साली तो वारला. रॉबर्ट कॉख कोलकात्यात पटकीच्या जंतूपर्यंत पोचला तो १८८४ साली.

पुस्तकाच्या अखेरीला स्नो उपाय सांगतो: हात धुवा, पाणी उकळा, रोग्याचे कपडे वेगळे ठेवा. हे अपेक्षितच आहे. पण कोळशाच्या खाणींबद्दल त्याने आधी लिहिलेलं असतं की मजूर आठ-नऊ तास जमिनीखाली असतात, खाली शौचालय नसतं, घाण जिथेतिथे पडलेली असते आणि घरून आणलेला डबा ते न धुतलेल्या हातांनी खातात. म्हणून खाणीतल्या पटकीवर त्याचा उपाय असा: आठ तासांची पाळी तोडून चार तासांची करा, म्हणजे मजूर जेवायला घरी जाऊ शकेल आणि अन्न खाणीत न्यावंच लागणार नाही. रोग्याच्या आतड्यापासून निघालेला डॉक्टर इथे कामगारांच्या पाळ्या ठरवू लागतो, आणि वाचताना ते जराही उपरं वाटत नाही.