हृदयक्षीणता, सहव्याधी आणि आयुर्मान : एक परीक्षण

मॅकी, कॅस्टेली, मॅक्‌नमारा व कॅनेल यांचा हृदयक्षीणतेवरील, म्हणजेच 'हार्ट फेल्युअर'वरील, निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे हा विकार नसलेल्या ५,१९२ व्यक्तींची १६ वर्षे पाहणी केली असता १४२ जणांना तो जडला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत मृत्यू येण्याची संभाव्यता पुरुषांत ६२ टक्के, तर स्त्रियांत ४२ टक्के आढळली.

रुग्णालयाच्या दारी आलेल्यांवरून नव्हे, तर नांदत्या गावावरून हा निष्कर्ष काढला, हे या निबंधाचे श्रेय निर्विवाद आहे. ७५ टक्के रुग्णांत रक्तदाबाधिक्य आधीपासूनच होते, हेही त्याने दाखविले. परंतु वरील दोन आकड्यांत भेद आहे तो केवळ स्त्री-पुरुषांचा. ज्याचे मूत्रपिंडही बिघडले आहे आणि ज्याचे नाही, ते दोघे एकाच सरासरीत बसतात. अर्थात १४२ जणांची आणखी वाटणी केली असती तर प्रत्येक गटात मोजकेच उरले असते, हे लेखकांच्या बाजूने म्हटले पाहिजे.

२०१३ सालच्या 'मॅजिक' गुणांकाने ३९,३७२ रुग्णांच्या आधारे मधुमेह, फुफ्फुसांचा जुनाट अवरोधी विकार व रक्तातील क्रिएटिनिन यांना हिशेबात घेतले. ही प्रगती खरीच. तथापि तेथे मधुमेहाचे गुण वेगळे, मूत्रपिंडाचे वेगळे, आणि शेवटी त्यांची बेरीज. देहात व्याधी अशा सुट्या राहत नाहीत. क्षीण हृदय मूत्रपिंडाला रक्त कमी पुरविते, मूत्रपिंड मीठ व पाणी अडवून धरते आणि तो भार पुन्हा हृदयावरच येतो. एका दिवशी मोजलेले क्रिएटिनिन या फेऱ्यातील एकच क्षण टिपते. शिवाय हा गुणांक एका व तीन वर्षांतील मृत्यूचा संभव सांगतो. रोग्याचा प्रश्न असतो तो उरलेल्या वर्षांचा.