घाशीराम मेला, नाना राहिला

शिरवण्याच्या या सभेत आज आपण दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहू. एक, लाक्लो या तोफखान्यातल्या फ्रेंच अधिकाऱ्याची १७८२ सालची पत्ररूप कादंबरी, 'ले लिएजाँ दांजरूज', म्हणजे घातक संबंध. दुसरी, विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल', १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेलं. पहिलीत क्रांतीपूर्वीचे फ्रेंच उमराव आहेत, दुसरीत साधारण त्याच काळातलं पेशव्यांचं पुणं.

उमराव विलासात बुडाले म्हणून राज्यं बुडाली, असं आपण सहज म्हणून टाकतो. आम्हाला ते पटत नाही. विलासी राजवटी पिढ्यानपिढ्या टिकतात की! या दोन लेखकांनी दाखवला तो प्रेमाचा व्यवहार. व्हालमाँला बाई वश करणं म्हणजे मोहीम जिंकणं. घाशीराम पोटची गौरी नानाच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो.

पण इथेच आमची नाटकाबद्दल एक तक्रार आहे. लाक्लोची मादाम द मेर्तेय ८१व्या पत्रात स्वतःची घडण स्वतः सांगते. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा सराव तिने मुलीच्या वयात कसा केला, तेही सांगते. ती दुष्ट आहे, पण तिचं मन आपल्याला कळतं. गौरीवर सगळं नाटक उभं आहे, तरी तिचं मन कळत नाही. समाजाने तिची वस्तू केली हेच दाखवायचंय, असं कुणी म्हणेल. मान्य. पण नाचगाण्याच्या रंगात प्रेक्षकही तिला विसरतो, त्याचं काय?

आता नाटकाचं बळ. फ्रान्समध्ये १७८९ नंतर लोकांचा राग थेट राजा-सरदारांपर्यंत पोचला. पुण्यात १७९१ साली कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले, आणि घाशीराम त्यांच्या हाती दिला गेला. दगडांनी ठेचून त्याला मारलं. नाना फडणवीस पुढे १८०० पर्यंत जगले. नाटकातला नाना तर त्या मृत्यूवर उत्सव करायला सांगतो. लोकांना कोतवाल मिळाला, त्याला नेमणारा मात्र सुटला.

म्हणून हे नाटक केवळ पेशवाईचं नाही. उद्या एखादा घाशीराम आपल्यापुढे टाकला गेला, तर दगड उचलण्याआधी आपण एवढं विचारावं: याला नेमलं कोणी, आणि बदल्यात काय घेतलं?