बारीच्या आधीची बारी

बैलगाडा शर्यतीत घाटातली बारी, म्हणजे एका गाड्याची एक धाव, वाचायची तर ती खालून वर वाचावी. बहुतेकांची नजर वरच्या निशाणावर असते. तिथे सेकंद मोजले जातात, भंडारा उधळला जातो, गाडामालकाला खांद्यावर घेतलं जातं. पण बारीचा सगळा अर्थ खाली, जिथे गाडा जुंपला जातो तिथे भरलेला असतो.

खोडद, नारायणगाव, मंचर, खेड या पट्ट्यात घाट म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याला लागून असते ती धुरेची जोडी, तिच्या पुढे जुकाटाची, आणि चारही बैलांच्या पुढे घोडी, तिच्यावर स्वार. गाड्यावर मात्र कुणी नसतं. सातारा-सांगलीकडच्या छकड्यावर हाकणारा बसतो, इथे गाडा मोकळाच पळतो. या एका गोष्टीने खेळाचा सगळा रस बदलतो. एकदा बैल सुटले की मालकाच्या हातात काही उरत नाही. कासरा नाही, हाक नाही, मधेच सावरून घेणं नाही. निवेदकाचा ‘भिर्रर्र’ विरायच्या आत दहा-बारा सेकंदांत बारी संपलेली असते. म्हणजे माणसाची जी काही कर्तबगारी आहे, ती बारी सुटण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे.

ती कुठे झाली, हे शोधत मागे जाणं हेच या खेळाचं खरं रसग्रहण. आधी दिसते ती जुपणी. एकाचा टप्पा लांब आणि दुसऱ्याचा आखूड असला, तर जू तिरकं होतं आणि जोडी घाट सोडून कडेला ओढते. त्याच्या मागे आहे ती खुराक आणि सराव यांची दोन-तीन वर्षं. आणखी मागे जावं तर बाजार लागतो. जुन्नर तालुक्यात बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार, पलीकडे चाकणचा. खोंड आदत (अजून दुधाच्या दातांचा) आहे की दुसा (दोन दाती), हे दात पाहून कळतं. खूर, कातडी, भोवरे, वशिंड, शेपटीचा गोंडा हे पाहणाऱ्याच्या डोळ्याला कळतं. पण जाणता माणूस एवढ्यावर थांबत नाही. तो विचारतो, खोंड कुणाच्या गाईचा?

इथे मला सातासमुद्रापलीकडचा एक घोडा आठवतो. अमेरिकेत हलकी दुचाकी गाडी ओढत दुडकीने पळणाऱ्या घोड्यांच्या शर्यती आहेत. त्यांच्या स्टँडर्डब्रेड जातीचा मूळपुरुष मानला जातो तो हॅम्बलटोनियन, १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शुगर लोफ इथे जन्मलेला. विल्यम रिसडिक या शेतावरच्या गड्याने तो शिंगरू असताना आईसकट १२५ डॉलरना विकत घेतला. हॅम्बलटोनियन स्वतः शर्यतीत जवळजवळ पळलाच नाही. त्याची कारकीर्द उभी राहिली ती पोरांच्या पायांवर. १८७६ मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या नावावर १३३१ शिंगरं होती, आणि आज तिथे धावणाऱ्या जवळपास प्रत्येक स्टँडर्डब्रेडची पितृशाखा त्याच्यापाशी पोहोचते. ही जातच घड्याळाने घडवली. १८७९ मध्ये तिथल्या पैदासकारांनी मापदंड ठरवला: दुडकीने एक मैल अडीच मिनिटांत कापणारा घोडा वंशावळीच्या वहीत. मला मात्र अडकून ठेवते ती त्या शिंगराची आई. ती लंगडी होती, आणि वहीत तिला स्वतःचं नावच नाही. ‘चार्ल्स केंटची घोडी’ एवढीच तिची नोंद, मालकाच्या नावाने.

आपल्याकडे याहून फार वेगळं नाही. घाटात बैलाचं नाव पुकारलं जातं, मालकाचं पुकारलं जातं, गावाचं पुकारलं जातं. गाईचं नाव पुकारलेलं मी ऐकलं नाही. आणि तरी सगळा खेळ तिच्यावर उभा आहे. घाटात पळतात ते बैल प्रामुख्याने खिल्लार. या जातीचं माहेर आटपाडी, म्हसवड, सांगोला हा माणदेशचा कोरडा पट्टा. अंग आवळ, शिंगं मागे वळून उंच गेलेली, खूर टणक. हे सगळं वेगासाठी. दुधाच्या बाबतीत खिल्लार गाय गरीब, संकरित गाईशी तिची बरोबरीच नाही. शेतात ट्रॅक्टर आला तेव्हा तिच्या खोंडाचं नांगराचं कामही गेलं. मग शेतकऱ्याने ती दावणीला का ठेवावी? खोंड घाटात पळेल, या आशेवर. ‘घरच्या गाईचा आहे’ हे वाक्य गाडामालक ज्या अभिमानाने बोलतो, त्यात बाजारातून महाग बैल आणल्याचा थाट नसतो. चार-पाच वर्षं फारशा दुधाविना गाय सांभाळल्याचं मोल असतं.

म्हणूनच बंदीचा काळ मला वंशावळीच्या अंगाने जास्त बोचतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला पुन्हा परवानगी दिली. घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीची साडेसात वर्षं म्हणजे बैलाच्या पळण्याचं अख्खं आयुष्य. त्या काळात जन्मलेल्या खोंडांची परीक्षाच झाली नाही. कोणत्या गाईच्या पोटी पळणारं जन्मतं, हे कळायचा घाट हाच एक मार्ग. तो बंद पडल्यावर चांगल्या गाई आणि साध्या गाई एकाच भावाने दावणीवरून उतरल्या. बंदीमागचं प्राण्यांच्या छळाचं कारण खोटं नव्हतं. अणकुचीदार खिळा टोचून पळवलेला बैल काहीही सिद्ध करत नाही. त्याच्या सेकंदांत त्याची आई दिसत नाही, टोचणाऱ्याचा हात दिसतो. प्राण्याला होणाऱ्या यातनेसाठी तर खिळा नकोच, आणि बारी खरी राहावी म्हणूनही नकोच.

खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ताटल्या आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपून त्यांची नोंद ठेवतात. त्याच शिवारात घाटाचे सेकंद शंभराव्या भागापर्यंत मोजले जातात आणि यात्रा उठली की फलकावरून पुसले जातात. ते वहीत उतरवायचे असतील तर पहिला रकाना गाईचा हवा: तिचं नाव, कोणत्या दावणीची, कोणत्या वळूला दाखवली, कोणत्या सालचा खोंड. मग घाट, जोडी, धुर की जुकाट, पुढची घोडी. आणि सगळ्यात शेवटी सेकंद.