चपड्याखालचा अजिंठा

अजिंठ्यातील चित्रांच्या सोनेरी-तपकिरी रंगसंगतीविषयी आपल्याकडे फार जिव्हाळ्याने लिहिले जाते. त्या सोन्यातला काही वाटा चपड्याचा आहे; सुतार पॉलिशला वापरतात, तोच.

1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्यात कामाला लावले. त्यांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि झाडपाल्याचे तंतू यांचा तो गिलावा. किडे त्याला पोखरत होते, पोपडे सुटत होते. त्यांनी सुटलेल्या कडा पक्क्या केल्या नसत्या, तर पुष्कळ काही जमिनीवर आले असते. पण रंगांवर त्यांनी चपड्याचा लेपही दिला. चपडा काळाबरोबर पिवळा पडतो, कडक होतो, आखडतो आणि खालच्या रंगाला ओढतो. त्याखाली लाजवर्दी निळा हिरवट दिसू लागतो. नकला करताना चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्याआधीही भिंतींवर व्हार्निश फिरले होतेच.

मग मूळ रंग कोणाला विचारायचा? रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या मुंबईच्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकीही बऱ्याच 1885 च्या लंडनमधील आगीत गेल्या. उरलेल्या साक्षी अर्धवट आहेत.

बेल्जियममधील गेंटच्या वेदीचित्राची गोष्ट इथे उपयोगी पडते. व्हॅन आइक बंधूंच्या या 1432 च्या चित्रातील कोकराचा चेहरा सोळाव्या शतकात कोणीतरी वरून रंगवला. 1951 च्या सफाईत खालचे मूळ कान वर आले आणि कोकरू चार कानांचे होऊन बसले! पुढे वरचा रंग काढला, तेव्हा माणसासारखे थेट रोखून पाहणारे डोळे निघाले, आणि 2020 साली लोकांनी त्या चेहऱ्याची थट्टा केली. थट्टेचे कारण चित्रकार नव्हता. नजर ओळखीच्या चेहऱ्याला सरावली होती.

पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी 1999 पासून अजिंठ्यात, दहाव्या लेण्यातही, चपडा आणि काजळी उतरवली. ते रंग पाहून आपणही बिचकणार का? निदान अजिंठ्याच्या छायाचित्राखाली ते कोणत्या साली, सफाईआधी की नंतर घेतले, एवढे छापले जावे. अजून फारच थोड्या पुस्तकांत ते दिसते.