तसबिरीतला पीतांबर आधी का उडतो?

पंढरपूरहून परतताना वारकरी तुळशीची माळ आणि बुक्का घेतात, तशी विठ्ठल-रुक्मिणीची तसबीरही घेतात. घरोघरी पोचणाऱ्या या चित्रांचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. आपण ते दोन कसोट्यांवर करू : छपाई किती रेखीव आहे आणि ती किती टिकते?

पहिल्या कसोटीला आजची तसबीर उतरते. भिंगाखाली निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे बारीक ठिपके दिसतात. या चार शायांतून सारे रंग साधतात. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हा शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. त्या मानाने आजचे काम झटपट आणि स्वस्त आहे.

दुसऱ्या कसोटीला मात्र स्वस्त तसबिरी बहुधा नापास होतात. उजेडातील ऊर्जेने रंगद्रव्याच्या रेणूतील बंध तुटतात आणि रंग नाहीसा होतो. स्वस्त पिवळी व किरमिजी शाई यात लवकर बळी पडते. छपाईच्या निळ्या शाईतील थॅलोसायनीन बरेच टिकाऊ असते. काळ्या शाईतला कार्बन तर जवळजवळ अविचल असतो. म्हणून विठ्ठल काळा राहतो, पण पीतांबर पांढुरका पडतो, कुंकू विटते आणि सारे चित्र निळसर दिसू लागते.

‘लॅमिनेशन केले आहे, रंग जाणार नाही’ हा विक्रेत्यांचा दावा आम्हांला मान्य नाही. प्लास्टिकचा पापुद्रा पाणी आणि धूळ अडवतो. दृश्य प्रकाश त्यातून आरपार जातो. साधी काचही अतिनील किरणांचा काही भागच अडवते. शिवाय लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आणि चौकटीमागचा हलका पुठ्ठा चित्राला मागच्या बाजूने पिवळे करतात.

कमी किमतीच्या तसबिरीकडून शंभर वर्षांची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ती विटली तर पुढच्या वारीत दुसरी मिळते. आजोबांच्या फोटोचे तसे नाही. जुन्या कृष्णधवल फोटोची नवी रंगीत प्रत काढून मूळ फोटो टाकून देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. नीट स्थिर करून धुतलेली चांदीची प्रतिमा शंभर वर्षेही टिकू शकते. साध्या इंकजेट शाईची प्रत उजेडात काही वर्षांतच विटू शकते. मूळ फोटो जपावा. नवी प्रत काढताना रंगकणांची शाई आणि आम्लरहित कागद मागावा.

हे वर्गात पडताळता येते. एका रंगीत छापील चित्राचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ते उन्हाच्या खिडकीत तीन महिने ठेवा. मग कागद काढून दोन्ही भागांची तुलना करा. कोणता रंग आधी उडाला, याची नोंद विद्यार्थ्यांनीच करावी.