‘स्वयंसेवक’ कोण? : नामिबियातील वन्यजीवरक्षणाच्या परिभाषेची चिकित्सा

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील वन्यजीवरक्षणाविषयीचे वाङ्मय गेल्या चार-पाच दशकांत विपुल झाले आहे. त्याची परीक्षा बहुधा प्राणिशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने होते, भाषेच्या अंगाने क्वचितच. वस्तुतः ज्या कार्यात परदेशी पाहुणा, सरकारी अधिकारी आणि गुराखी असे तिघे एकत्र येतात, तेथे कोणाला कोणते नाव मिळते यावर कोणाचे श्रम हिशेबात धरले जातात हे पुष्कळ अंशी ठरते. नामिबियाच्या वायव्येकडील कुनेने प्रदेश हे याचे बोलके उदाहरण आहे.

हा प्रदेश अत्यंत रुक्ष. नद्या वर्षातील बहुतेक काळ कोरड्या. माणसे आणि गुरे जगतात ती विहिरींवरील पवनचक्क्या, पंप व टाक्या यांच्या आधाराने. हत्तीही त्याच पाण्यावर येतो. एका प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागू शकते. ते मिळाले नाही तर तो नळ उपटतो, टाकी फोडतो. मिळाले तरी ते उपसण्यासाठी जळलेले डिझेल शेतकऱ्याच्याच पदरचे असते. यावर योजलेला एक उपाय साधा आहे. टाकी व पंप यांभोवती दगड-सिमेंटची भक्कम भिंत बांधावयाची आणि हत्तीसाठी पाणी भिंतीबाहेर मोकळे ठेवावयाचे. उगाब नदीच्या परिसरात २००३ पासून काम करणारी ‘एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड’ ही संस्था अशा भिंती परदेशी स्वयंसेवकांच्या हातांनी बांधून घेते. ते एक आठवडा दगड वाहतात, एक आठवडा हत्तींच्या मागावर जाऊन नोंदी करतात, आणि या सहभागासाठी स्वतः शुल्क भरतात.

येथेच पहिली अडचण उभी राहते. मराठीत ‘स्वयंसेवक’ म्हटले की सेवादल, श्रमदान यांची परंपरा डोळ्यांपुढे येते. तेथे सेवक काही घेत नाही आणि काही भरतही नाही. या वाङ्मयातील स्वयंसेवक मात्र एकाच वेळी मजूर, देणगीदार आणि प्रवासी असतो. शब्द एक, भूमिका तीन. त्यामुळे अशा कार्याची वर्णने वाचताना वाक्याचा कर्ता कोण हे नीट पाहावे लागते. पुष्कळदा कर्ता पाहुणाच असतो: तो भिंत बांधतो, तो हत्ती वाचवतो. ज्या कुटुंबाच्या पाण्याभोवती ती भिंत उभी राहते, ते कुटुंब वाक्यात चतुर्थीत बसते. त्याच्या‘साठी’ सर्व काही केले जाते. पाहुणे गेल्यावरही हत्तीच्या शेजारी राहण्याचे काम जे करीत राहते, त्याला कर्तृपद मिळत नाही.

यात पाहुण्यांचा उपहास करण्याचे कारण नाही. भिंत खरी आहे, तिच्यामुळे वाचणारा पंपही खरा आहे, आणि त्यांच्या पैशांवाचून ती बहुधा उभी राहिली नसती. आक्षेप आहे तो व्याकरणावर.

कारण या प्रदेशात पहिले रक्षक निराळे होते. १९८०च्या आसपास भीषण दुष्काळाने गुरांची खिल्लारे संपली, आणि शिकारीमुळे गेंडे व हत्ती नष्ट होण्याच्या बेतास आले. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ यांनी हेरेरो, हिंबा व दामारा मुखियांशी बोलणी केली आणि मुखियांनी आपल्याच माणसांतून रक्षक नेमले. मोबदला म्हणजे थोडा शिधा व किरकोळ रक्कम. इंग्रजीत त्यांना आरंभी ‘ऑक्झिलरी’, म्हणजे साहाय्यक, रक्षक म्हटले गेले. साहाय्यक कोणाचे? जे रोज माग काढीत होते ते साहाय्यक, आणि ज्यांना तो माग वाचता येत नव्हता ते मुख्य, असा हा क्रम! पुढे ‘सामुदायिक रक्षक’ हे नाव आले, ते अधिक न्याय्य. ओवेन-स्मिथ व मार्गारेट जेकबसन यांना १९९३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता.

ओवेन-स्मिथ यांचे ‘ॲन ॲरिड ईडन’ (२०१०) हे आत्मकथन मुखियांना व रक्षकांना नावानिशी समोर आणते, हा त्याचा मोठा गुण. तथापि शीर्षक त्याच्या प्रतिपादनाशी विसंगत वाटते. ईडन हे असे उद्यान, की ज्यातून मनुष्याला हाकलून दिले गेले. ग्रंथ मात्र पानोपानी सांगतो की, मनुष्याला तेथून हाकलल्याने काहीच राखले जात नाही. (मराठीत ‘नंदनवन’ म्हटले तर ही विसंगती दिसतच नाही, इंद्राच्या बागेच्या नावाने हद्दपारी सहसा आठवत नाही.)

खाजगी जमिनीच्या, बहुतांशी गोऱ्या, मालकांना वन्य प्राण्यांवर पूर्वीच मिळालेला मर्यादित अधिकार सामुदायिक भूमीवरील रहिवाशांना मिळाला तो १९९६ च्या दुरुस्ती कायद्याने. १९९८ मध्ये पहिल्या ‘कन्झर्व्हन्सी’ नोंदल्या गेल्या. आज त्यांची संख्या ऐंशीच्या वर आहे. आपल्याकडील जुन्या नगरपालिकांत हाच शब्द मैला-कचऱ्याच्या सफाईसाठी रूढ होता, हे सहज आठवते. त्या पहिल्या नोंदींपैकी एकीचे नाव खोएखोए भाषेत आहे, ‘खोआदि-होआस’, म्हणजे हत्तीचा कोपरा. त्यातील दोन्ही पदांच्या आरंभी टिचकीचे व्यंजन आहे, एक तालव्य व एक पार्श्विक; देवनागरीत दोन्ही लुप्त होतात. परंतु अर्थ उरतो, आणि तो महत्त्वाचा आहे. अहवाल ‘मानव-हत्ती संघर्ष’ असे म्हणतात. गावाने स्वतःसाठी निवडलेले नाव मात्र हत्तीला त्याचा कोपरा देऊन मोकळे होते.

१९९०च्या संविधानाने इंग्रजी ही एकमेव राजभाषा ठरली, आणि घरी इंग्रजी बोलणारे तर तेथे फारच थोडे. नियम, नकाशे, पर्यटन कंपन्यांशी होणारे करार यांची भाषा त्यामुळे बहुसंख्य सभासदांची नव्हे. या स्थितीत ‘इव्हेंट बुक’ ही नोंदपद्धती विशेष अभ्यसनीय ठरते. तिच्यात कशाची नोंद ठेवावयाची हे कन्झर्व्हन्सीच ठरवते. तंत्रज्ञ केवळ साहाय्य करतो. रक्षक पिवळ्या पत्रावर दैनंदिन घटना टिपतो, निळ्या पत्रावर महिन्याची बेरीज येते, लाल पत्रावर वर्षावर्षांचा कल. मजकूर अत्यल्प, चौकोन रंगवून आलेख होतो, आणि तो काढणारा तोच रक्षक असतो. वह्या कार्यालयातच राहतात. पाहुण्यांच्या रोजनिशीत हत्तीचे दर्शन एकदाच होते. येथे तो कितीदा आला, किती नळ मोडले, कोणाचे पीक गेले, हे ओळीने मांडलेले असते, आणि ते वाचण्यास इंग्रजी यावे लागत नाही.