एकच व्हिस्की, गुण ५८ आणि ७१



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगते: हा लेख दारूची शिफारस करत नाही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, वर परवानाही लागतो. माझ्याकडे दोन्ही आहे. जे काही चाखलं ते घरी चाखलं, प्रयोगशाळेच्या काचेच्या भांड्यांना हातही लावला नाही. तुम्हाला व्हिस्कीत रस नसला तरी चालेल. पुढे तुम्ही सिनॉप्सिस लिहाल, माणसांकडून गुण, पसंती किंवा मतं गोळा कराल, तेव्हा हा लेख उपयोगी पडावा एवढीच इच्छा आहे.

तर झालं असं. माझ्या चुलतभावाने निरनिराळ्या देशांतल्या चार छोट्या बाटल्या आणल्या. चारही ‘निराशाजनक’ म्हणून बदनाम. मी म्हटलं, चाखून गुण देते आणि ब्लॉगवर टाकते. दादाने पाच ग्लास भरले, प्रत्येकात दहा मिलि, आणि त्यांवर तीन आकडी क्रमांक चिकटवले. मी वास घेतला, घोट घेतला, थुंकला, पाण्याने चूळ भरली आणि वहीत लिहीत गेले. पहिल्या ग्लासला, क्रमांक ७३२ ला, मी ७१ दिले आणि लिहिलं, “साधी, पण बरी, शेवटी थोडी सुंठ.” शेवटच्या ४१८ ला ५८ दिले. शेरा होता, “ओला पुठ्ठा, फोडणी जळाल्यासारखा कडूपणा, पुन्हा नको.”

दोन्ही ग्लासांत एकाच बाटलीतली व्हिस्की होती. चार बाटल्या आणि पाच ग्लास हे गणित माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी चाखताना ते डोक्यात आलं नाही.

वाईट शेऱ्यांची बाजू आधी

जगभरातल्या फसलेल्या व्हिस्क्या चाखून त्यांना कमी गुण देणं हा लेखनाचा एक लोकप्रिय प्रकार आहे. मला तो आवडतो. बाजारात सगळं ‘उत्कृष्ट’च असतं. प्रत्येक बाटलीवर मध, व्हॅनिला आणि सुका मेवा लिहिलेला असतो. अशा वेळी कोणीतरी स्वतःचे पैसे खर्चून “ही घेऊ नका” असं लिहितो, ते कामच आहे. आपल्या भाषेत तो नकारात्मक निष्कर्ष झाला. रॉबर्ट रोझेंथल या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये ‘फाइल ड्रॉवर’चा प्रश्न मांडला: न जमलेले प्रयोग टेबलाच्या खणात पडून राहतात, छापले जातात ते फक्त जमलेले, आणि मग सगळ्या विषयाचं चित्रच चुकतं. वाईट व्हिस्कीवर लिहिणारा माणूस तो खण उघडतो.

माझी तक्रार पुढे सुरू होते. खण उघडल्यावर आतला कागद वाचता आला पाहिजे. बहुतेक शेऱ्यांत एक आकडा असतो आणि एक विनोद असतो. भिजलेला कुत्रा, जळलेलं टायर, कोणाच्या तरी आजोबांचे मोजे. हसू येतं, पण किती ग्लास चाखले, कोणत्या क्रमाने, बाटली झाकली होती का, पाणी घातलं होतं का, यातलं काहीच कळत नाही.

निराशा कुठे असते?

या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडची ‘लॉख डू’. मॅनॉकमोर डिस्टिलरीची ही दहा वर्षांची माल्ट १९९० च्या दशकात ‘काळी व्हिस्की’ म्हणून विकली गेली. रंग खरोखरच कोलासारखा होता. दोनदा जाळलेल्या पिंपांमुळे हा रंग आला असं जाहिरात सांगायची, आणि जाणकारांना त्यात कॅरॅमलचा मोठा हात दिसायचा. आजही ‘सर्वांत वाईट माल्ट’च्या गप्पा निघाल्या की हिचं नाव निघतं. उत्पादन लवकरच थांबलं. आणि मग? तीच बाटली संग्राहक मूळ किमतीच्या कित्येक पट देऊन घ्यायला लागले. बाटलीतला द्रव तोच होता. अपेक्षा, दुर्मिळता आणि गोष्ट बदलली.

इथे पहिला मुद्दा येतो. निराशा हा द्रवाचा गुणधर्म नाही. अपेक्षा आणि अनुभव यांतलं ते अंतर आहे. म्हणजे ‘निराशाजनक’ म्हणून कमी गुण देताना आपण दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबतो, आणि त्यातली अपेक्षा मोजलेलीच नसते.

आता देशोदेशीच्या निराशा बघा. भारतात खपणाऱ्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षं राहावी लागते. त्यामुळे युरोपातला समीक्षक आपली बाटली व्हिस्की समजून चाखतो आणि चिडतो. त्याच्या जिभेचं चुकत नाही, पण तो जे मोजतोय तो बराचसा लेबलवरच्या शब्दाचा भंग आहे. जपानमध्ये तर परदेशातून आणलेली व्हिस्की बाटलीत भरून तिला जपानी रूप देणं बराच काळ चालून जायचं. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये ‘जपानी व्हिस्की’ची व्याख्या ठरवली, तेव्हा कुठे त्याला लगाम बसला. ज्याने जुनी बाटली ‘जपानी’ म्हणून चाखून नावाजली किंवा नाकारली, त्याने नेमकं कशाला गुण दिले?

वयाचंही तसंच. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के द्रव उडून जातो, बंगळूरूच्या हवेत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातं. लाकडाशी होणारी देवाणघेवाणही उष्णतेत वेगाने होते. म्हणून ‘अमृत’ किंवा गोव्याची ‘पॉल जॉन’ यांच्या बाटलीवर मोठा वयाचा आकडा शोधून नाक मुरडणं म्हणजे वेगवेगळ्या हवामानांना एकच पट्टी लावणं. ‘अमृत’ची सिंगल माल्ट २००४ मध्ये ग्लासगोत बाजारात आली. पुढे जिम मरे यांनी ‘व्हिस्की बायबल’च्या २०१० च्या आवृत्तीत ‘अमृत फ्यूजन’ला शंभरपैकी ९७ दिले. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. मी पण सांगायचे. पण कमी गुणांवर जे प्रश्न विचारायचे, तेच या ९७ वरही विचारावे लागतील.

एक जीभ, एक आकडा

मरे यांच्या पद्धतीत वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी २५ गुण असतात. दिसायला नीटनेटकं आहे. पण एकच माणूस, एकाच बैठकीत, चारही गुण देतो, तेव्हा ते एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. वास आवडला नाही की तोलही बिघडलेला वाटतो. शिवाय शंभराची पट्टी कागदावरच शंभराची असते. व्हिस्कीच्या जगात बहुतेक गुण सत्तर ते पंचाण्णवच्या पट्ट्यात फिरतात, म्हणजे हातात उरली पंचवीसेक गुणांची पट्टी. आणि तिच्यावर लोक अर्ध्या गुणाचा फरक दाखवतात!

माणसाची जीभ स्वतःशी किती जुळते, हे रॉबर्ट हॉजसन यांनी वाइनच्या बाबतीत तपासलं. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना त्यांच्या नकळत एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे दहा टक्के परीक्षकच आपले गुण एकाच पदकाच्या गटात राखू शकले. आणखी दहा टक्क्यांच्या हातून तर त्याच वाइनला कधी कांस्य, कधी सुवर्ण गेलं. हे सगळे अनुभवी लोक होते. माझ्या ५८ आणि ७१ ची लाज थोडी कमी झाली, पण थोडीच. पाच ग्लासांत मी दिलेले गुण ५८ ते ७६ होते, म्हणजे एकूण पसारा १८ चा. त्यात एकाच व्हिस्कीतला फरक १३! उरलेल्या तीन व्हिस्क्यांच्या क्रमवारीबद्दल मी काय बोलणार?

आणि हा फरक का पडला, तेही मला ठामपणे सांगता येत नाही. ४१८ च्या आधीचा ग्लास पीटच्या धुराचा होता, त्यामुळे जीभ बधिर झाली असेल. किंवा शेवटी मी कंटाळले असेन. दोन्ही कारणं एकाच वेळी बदलली, आता ती वेगळी काढता येत नाहीत. क्रम आधी आखला असता तर आली असती.

शिवी सोडून कारण लिहा

इथे मला या लेखकांचा खरा राग येतो, कारण व्हिस्कीतल्या दोषांना बऱ्याचदा कारण असतं आणि ते सांगता येतं. उकडलेल्या कोबीसारखा किंवा काडी ओढल्यासारखा वास आला तर गंधकाच्या संयुगांचा संशय घ्या. भट्टीतलं तांबं ही संयुगं पकडून ठेवतं, त्यामुळे वाफेचा तांब्याशी संपर्क कमी पडला की ती उरतात. पिंप गंधकाची वात जाळून निर्जंतुक केलं असेल तर तिथूनही येतात. उलटीसारखा आंबूस वास असेल तर ब्युटिरिक आम्ल आठवा. लहान पिंपात घाईने मुरवलेल्या काही नव्या व्हिस्कीत लाकडाचा कडूपणा भरपूर उतरतो, पण स्पिरिटचा कच्चेपणा जायला लागणारा वेळच मिळालेला नसतो. “कच्ची आणि तरी लाकडी” हा शेरा मोज्यांच्या विनोदापेक्षा किती उपयोगी आहे बघा.

पाण्याचंही सांगायला हवं. कार्लसन आणि फ्रीडमन या स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर ग्वायकॉल या धुरकट चवीच्या रेणूची गणितं केली. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना तो पृष्ठभागाजवळ राहतो, ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंच्या घोळक्यात आत ओढला जातो. म्हणजे पाणी किती घातलं ते न लिहिता दिलेला गुण दुसऱ्याला पडताळताच येत नाही. तसंच पीटच्या ‘पीपीएम’चं. तो आकडा बहुधा भिजवून-धुरावून वाळवलेल्या बार्लीतला असतो, ग्लासमधला नसतो. ‘एवढे पीपीएम असून धूरच नाही’ ही तक्रार चुकीच्या नमुन्याच्या मोजमापावर उभी असते.

याउलट शब्द नीट लिहिले तर त्यांतून संशोधनही होतं. मायकेल जॅक्सन (गायक नव्हे, ब्रिटिश व्हिस्कीलेखक) यांच्या पुस्तकातल्या १०९ माल्टच्या वर्णनांवरून लापॉइंट आणि लेजांद्र यांनी १९९४ मध्ये वर्गीकरण केलं. रंग, वास, शरीर, चव, शेवट या प्रत्येकातलं वैशिष्ट्य आहे की नाही, एवढंच नोंदवून त्यांनी गट पाडले. ते शक्य झालं कारण लेखकाने सगळ्या माल्टना तेच रकाने भरले होते.

माझा गेलेला धडा

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय? माझा विषय काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसातली गंधद्रव्यं. दुसऱ्या वर्षी मी दहा जणांकडून सहा नमुन्यांना गुण घेतले. सुंदर आलेख आला, तिसरा नमुना स्पष्ट ‘वाईट’. मी त्यामागचं रसायनशास्त्रही लिहून टाकलं. गाईड मॅडमनी एकच विचारलं, “यातला एखादा नमुना दोनदा दिला होतास का?” नव्हता. पुन्हा बसवलं, नकळत जोड्या दिल्या, आणि जोडीतल्या दोन ग्लासांमधला फरक नमुन्यांमधल्या फरकाएवढाच निघाला. आठ महिन्यांचा धडा गेला. ‘वाईट’ ठरवलेला तिसरा नमुना बिचारा निर्दोष होता. जवळपास दरवेळी तो शेवटी चाखला गेला होता, एवढंच.

आणि तरीही त्या रविवारी दादासमोर मी पुन्हा तेच केलं. म्हणून सांगते, शहाणपणावर विसंबू नका, रचनेवर विसंबा.

तुम्ही काय कराल?

दारूच हवी असं नाही. दोन दुकानांचा चहा घ्या, दोन प्रकारचा गूळ घ्या. तीन कप ठेवा, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. ही त्रिकोणी चाचणी. मांडणीचे सहा क्रम होतात, प्रत्येक क्रम दोनदा वापरला की बारा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने चार बरोबर येतील. आठ किंवा जास्त आल्या तर फरक खरंच कळतोय असं म्हणायला जागा आहे, कारण अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. सातवर मात्र थांबा, ती शक्यता साडेसहा टक्के आहे. फरक कळतोय हे ठरल्यावरच ‘कोणता वाईट’ हा प्रश्न विचारा. मधे एखादी जोडी लपवून ठेवा, आणि तिच्यातला फरक गुणांच्या शेजारीच छापा.

मी चार व्हिस्क्यांची क्रमवारी आज इथे देणार होते. वहीतलं ते पान फाडलं नाही. त्यावर लिहिलंय: “चुकीची मर्यादा १३ गुण. क्रमवारी देता येत नाही.” या वर्षातलं हे माझं सगळ्यात प्रामाणिक वाक्य असावं.

पुढच्या लेखात नमुन्यांचा क्रम कसा आखायचा ते कागद-पेन्सिलने करून बघू. चहा तयार ठेवा.